प्रोसेसर तापतोय? कूलर बदलण्याआधी तापमान कसं चढतं ते पाहा

घरी जोडलेला पीसी गेम सुरू केला की दहा मिनिटांत अडखळतो. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो, आणि एखाद्या दिवशी काम चालू असतानाच मशीन बंद पडतं. दुकानात विचारलं की सल्ला ठरलेला असतो: मोठा कूलर घ्या, नाहीतर सरळ लिक्विड कूलर घ्या. दोन-अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंतचा खर्च तिथल्या तिथे सांगितला जातो.

माझं मत असं की असेंबल्ड पीसीत निम्म्याहून जास्त वेळा कूलरमध्ये काहीच बिघाड नसतो. तो नीट टेकलेला नसतो, नाहीतर त्याला ताजी हवा मिळत नसते. या दोन दोषांची लक्षणं वेगळी आहेत आणि ती घरबसल्या ओळखता येतात. स्क्रीनवर दिसणारा ९५चा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. तो आकडा किती सेकंदांत तिथे पोचला आणि त्या वेळी हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर टेकलेला कूलरचा धातूचा ठोकळा, हाताला गरम लागतो की गार, यावरून उष्णता नेमकी कुठे अडली आहे ते कळतं. म्हणून आधी निदान करू आणि मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ.

आकडा कोणता वाचायचा

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो ६४ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि सुरू करताना फक्त सेन्सर्सचा पर्याय निवडा. इंटेल असेल तर ‘सीपीयू पॅकेज’ ही ओळ पाहा, एएमडी रायझन असेल तर ‘टीसीटीएल/टीडाय’. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पुरेसं आहे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसणाऱ्या तापमानावर विसंबू नका. तिथे प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही, त्यामुळे काहीही चालू नसताना तो विंडोजपेक्षा जास्त गरम दिसतो.

आता तुमच्या प्रोसेसरची मर्यादा माहीत करून घ्या. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना १०० अंशांची मर्यादा आहे. रायझन ५ ५६०० साठी ती ९० आहे. रायझन ७०००मधल्या ७६००एक्स, ७७००एक्स, ७९५०एक्स या प्रोसेसरना ९५ अंशांची मर्यादा आहे आणि पूर्ण कामाच्या वेळी त्या ९५पर्यंत जाऊन तिथेच टिकून राहणं ही कंपनीने ठरवून केलेली रचना आहे. म्हणजे ७७००एक्सवर सिनेबेंच हे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर चालवताना ९५ दिसले, तर तेवढ्यावरून दोष आहे असं म्हणता येत नाही. ५६०० वर तेच ९५ दिसत असतील, तर काहीतरी नक्की बिघडलं आहे.

तापमानाशेजारी घड्याळवेग, म्हणजे क्लॉक, पाहायची सवय लावा. कोअर आय५ १२४०० चा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्‌झ आहे आणि सगळ्या कोअरवर भार असताना तो ४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो. मर्यादेला टेकून तो ४ वरून घसरायला लागला आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत ‘येस’ आलं, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतोय. गेम अडखळतो तो यामुळे.

आणि खोलीचं तापमान लिहून ठेवल्याशिवाय कुठलाही आकडा कुणाशी ताडून पाहू नका. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक आटोक्यात ठेवतो. अकोल्यात मे महिन्यात खोली ४० अंशांवर असताना तुमचा प्रोसेसर ८२ दाखवत असेल आणि नाशिकमधल्या मित्राचा तोच प्रोसेसर डिसेंबरात १८ अंशांच्या खोलीत ६० दाखवत असेल, तर दोघांचे कूलर सारखंच काम करतायत. फरक दोन्हीकडे ४२च आहे. परदेशातल्या परीक्षणांत दिलेले आकडे बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. ते वाचून उगाच हवालदिल झालेले लोक मी खूप पाहिलेत.

चढण पाहा, मग हात लावा

हा भाग शांतपणे करा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

पीसी सुरू करून दहा मिनिटं काही न करता राहू द्या आणि स्थिर तापमान लिहा. ३५ ते ५० यांच्या दरम्यान असेल तर ठीक, उन्हाळ्यात थोडं जास्तही चालेल. काहीच चालू नसताना ७० दिसत असेल तर आधी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर बघा. मागे अपडेट चालू असेल, अँटिव्हायरस स्कॅन करत असेल, किंवा क्रॅक केलेल्या गेमबरोबर आलेला मायनर, म्हणजे तुमच्या पीसीवर क्रिप्टोचलन मिळवणारा प्रोग्रॅम, गुपचूप चालत असेल. तसं असेल तर कूलरला हात लावायची गरजच नाही.

आता सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टीकोअर चाचणी लावा आणि तापमानाचा आलेख उघडा ठेवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये त्या ओळीवर डबल क्लिक केलं की आलेख येतो.

नीट बसलेल्या कूलरचा आलेख असा दिसतो: भार येताच १५-२० अंशांची एक उडी, आणि मग पाच-सात मिनिटं हळूहळू चढण. शेवटी रेघ आडवी होते. पहिली उडी चिपच्या आतली असते, ती कुठल्याच कूलरने टळत नाही. रायझनमध्ये चिपलेट, म्हणजे झाकणाखालचा चिपचा तुकडा, लहान असल्याने ती जरा मोठी दिसते. नंतरची संथ चढण म्हणजे हीटसिंकचा धातू तापत जाणं.

दोष असेल तर आलेख दोनपैकी एका प्रकारचा दिसेल.

पहिल्या प्रकारात भार येताच दोन-तीन सेकंदांत तापमान ४५वरून ९५वर जातं, आणि चाचणी थांबवली की तितक्याच वेगाने खाली येतं. अशा वेळी पीसी बंद करा, बाजूचं पॅनल काढा आणि लगेच हीटसिंकला बोट लावा. तो जेमतेम कोमट लागेल. प्रोसेसर होरपळतोय आणि त्याला टेकलेला धातू थंड आहे, म्हणजे उष्णता एकातून दुसऱ्यात जातच नाही. हा दोष बसवण्याचा आहे. इथे मोठा कूलर आणून काही उपयोग नाही, कारण तोही असाच बसवला तर असाच थंड राहील.

दुसऱ्या प्रकारात सुरुवातीची उडी बेताची असते, पण नंतरची चढण थांबत नाही. सहाव्या मिनिटाला ८०, दहाव्या मिनिटाला ९०. हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसतो. इथे उष्णता हीटसिंकपर्यंत व्यवस्थित आली आहे, तिथून हवेत जात नाही. म्हणजे पंखा, धूळ किंवा कॅबिनेटमधली हवा तपासायची. किंवा प्रोसेसर ओढत असलेल्या वॅटच्या मानाने कूलर खरोखरच लहान आहे.

हात लावताना पीसी बंदच हवा. फिरत्या पात्यांजवळ बोट नेऊ नका, आणि वीजपुरवठ्याचा, म्हणजे एसएमपीएसचा, डबा कुठल्याही परिस्थितीत उघडू नका.

एक शक्यता इथेच बाजूला काढू. मशीन अचानक बंद पडतं, पण बंद पडण्याआधी तापमान ७५च्या आतच होतं, तर प्रोसेसरला दोष देऊ नका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग सुरू ठेवलं तर शेवटचे आकडे फाइलमध्ये राहतात. ते ७०-७५ असतील तर एसएमपीएस, रॅम किंवा घरातलं अर्थिंग तपासा.

चटका देणारा हीटसिंक: आधी स्वस्त उपाय

दुसऱ्या प्रकारचा आलेख आला असेल तर कूलर काढण्याची घाई नको. पॅनल उघडं ठेवून तीच चाचणी पुन्हा लावा. तापमान सात-आठ अंशांनी खाली आलं, तर कूलर ठीक आहे आणि कॅबिनेट घुसमटलंय. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांत कॅबिनेटसाठी तिन्ही बाजूंनी बंद असा कप्पा असतो. पीसी त्यात ठेवला की मागून निघालेली गरम हवा फिरून पुढच्या पंख्यांत शिरते. कॅबिनेट त्या कप्प्यातून बाहेर काढणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब हवी.

पंख्यांची दिशा पाहा. साध्या पंख्यात हवा आत घेणारी बाजू मोकळी असते आणि ज्या बाजूला मधली मोटर धरणाऱ्या पट्ट्या दिसतात तिथून हवा बाहेर पडते. टिश्यू पेपरची पट्टी धरली की शंका राहत नाही. समोरचे पंखे आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारा, आणि टॉवर कूलरचा (उभ्या हीटसिंकच्या उंच कूलरचा) पंखा समोरून मागे वाहणारा, अशी सरळ रांग हवी. समोर अखंड काच असलेली कॅबिनेटं दिसायला देखणी असतात, पण दोन्ही कडांच्या फटींतून जेवढी हवा शिरेल तेवढीच. नवीन घेत असाल तर समोर जाळी असलेलंच घ्या.

प्रोसेसरच्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या चार पिनांच्या कनेक्टरवरच हवी. ती ‘चॅसिस फॅन’वर लावलेली असली तर काही बोर्ड सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवतात, काही दाखवत नाहीत. मग पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानाऐवजी मदरबोर्डच्या तापमानावर ठरतो आणि तो वेळेवर वाढतच नाही.

धुळीचं काय होतं ते वरून दिसत नाही. पंखा स्वच्छ वाटतो, पण त्याच्या खाली, पात्यांचा झोत जिथे फिनच्या, म्हणजे हीटसिंकच्या पातळ पत्र्यांच्या, कडांवर आदळतो तिथे, धुळीची नमद्यासारखी जाड चादर तयार होते. स्वयंपाकघर लागून असेल तर फोडणीचा तेलकट धूर तिला चिकट करतो आणि ती ब्लोअरने उडत नाही. पंख्याचे स्क्रू किंवा क्लिप काढून तो वेगळा करा आणि ब्रशने फिन मोकळ्या करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

कूलर काढताना

पहिल्या प्रकारचा आलेख आला असेल, किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यातला उष्णता वाहणारा लेप) लावून तीन-चार वर्षं झाली असतील, तर कूलर काढावाच लागेल. लागणारं सामान थोडंच आहे: लांब दांड्याचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, नवी थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लव न सोडणारं कापड किंवा कॉफी फिल्टर. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली ही त्याची हुकमी ठिकाणं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन मागे थर ठेवतं. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातं.

पीसी दहा मिनिटं चालवून मग बंद करा. पेस्ट कोमट असली की सुटायला सोपी जाते. मागचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून शिल्लक वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. हिवाळ्यात कोरड्या हवेत आणि पायाखाली गालिचा असताना हे टाळू नका.

पंख्याची वायर आधी काढा. मग स्क्रू एकदम एक पूर्ण न काढता, कर्णरेषेत, प्रत्येकाला दोन-दोन आटे देत सैल करा.

रायझनच्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे ५६०० सारखे प्रोसेसर बसतात त्या बोर्डवरच्या खोबणीवर, इथे सगळ्यात मोठा धोका आहे. या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि सॉकेट त्यांना फक्त एका कडेच्या दांडीने धरून ठेवतं. पेस्ट वाळलेली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढलात, तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून वर ओढण्याआधी कूलर डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा पिळा. पेस्टची पकड सुटल्याचं हाताला जाणवतं. ती सुटल्यावरच उचला. एएम५ (रायझन ७००० चं सॉकेट) आणि इंटेलमध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली असतो, तिथे ही भीती नाही.

कूलर उचलला की लगेच पुसू नका. दोन्ही पृष्ठभागांवर पेस्टचा जो ठसा उमटलाय तो उजेडात धरून बघा, मोबाइलवर फोटो काढा. सगळीकडे सारखा, पातळ, जेमतेम धातूचा रंग दिसेल असा थर म्हणजे दाब बरोबर होता. एका कोपऱ्यात पेस्ट जाड आणि लिंपल्यासारखी, समोरच्या कोपऱ्यात जवळपास नाहीच, असं असेल तर कूलर एका बाजूने उचललेला होता. मधोमध कोरडा, वाळलेला, भेगाळलेला पट्टा असेल तर पेस्टचं आयुष्य संपलं होतं. आणि ठसाच नसेल, कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म चमकत असेल, तर सगळं कोडं सुटलं. नव्या कूलरच्या तळावर ती असते, बसवण्याआधी काढा असं तिच्यावर लिहिलेलंही असतं, आणि तरी ती राहून जाते.

पेस्ट: किती आणि का

प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांच्यात सूक्ष्म उंचसखलपणा असतो. मध्ये हवा अडकते, आणि हवा उष्णता वाहून नेण्यात फारच वाईट. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, तर हवेची ०.०२६. चांगल्या पेस्टची जेमतेम एक आकडी. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी, पण धातूपेक्षा खूप मागे. म्हणून ती फक्त खड्डे भरण्यापुरती हवी, धातूला धातू टेकू न देणारी गादी होऊन बसायला नको.

जुनी पेस्ट आधी कोरड्या कापडाने आणि मग आयसोप्रोपिलने पुसा. कापडावर राखाडी डाग येणं थांबेपर्यंत पुसत राहा. अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्या, आणि मग त्या पृष्ठभागाला बोट लावू नका. एएम४चा प्रोसेसर पुसताना तो सॉकेटमध्येच राहू द्या.

रायझन ५ ५६०० सारख्या चौकोनी झाकणाच्या मधोमध अख्ख्या मसुराएवढा एक थेंब पुरतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या (१२वी ते १४वी पिढी) प्रोसेसरचं झाकण लांबट आहे, तिथे लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ किंवा दोन छोटे थेंब द्या. कार्डने पसरवत बसू नका, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. कूलरचा दाबच पेस्ट पसरवतो. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा एमएक्स-६, नॉक्टुआ एनटी-एच१ यांपैकी काहीही घ्या, आपसांत फरक दोन-तीन अंशांचा. एएम५च्या झाकणाला कडेने खाचा असतात आणि तिथे उघडे कपॅसिटर दिसतात. या पेस्ट वीजवाहक नसल्याने थोडी तिथे गेली तरी बिघडत नाही.

लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावायचा द्रवरूप धातू, मात्र घरच्या पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात अजिबात नको. ते वीजवाहक आहे, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतं. टूथपेस्टचे व्हिडिओ फिरतात. तिच्यातलं पाणी उडालं की ती पांढरा खडू होते.

प्रोसेसरच्या पेटीत येणाऱ्या कूलरच्या तळाला आधीच लावलेला पेस्टचा चौकोन असेल तर तो एकदाच वापरायचा. एकदा टेकवून उचललात की तो पुसून नवी पेस्ट लावा.

इंटेलचा पेटीतला कूलर: चार पिना

सगळ्यात जास्त गोंधळ याच पिनांचा आहे. कोअर आय५ १२४०० बरोबर येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या पुश-पिना असतात. प्रत्येक पिनेचे दोन भाग: बाहेर दुभंगलेला पाय आणि आत सरकणारी खुंटी. पाय बोर्डच्या भोकातून पलीकडे जातो, मग खुंटी त्याच्यात घुसते आणि पाय फाकवून अडकवते. पाय पलीकडे पोचण्याआधीच खुंटी खाली गेली, तर वरून पिन बसल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात कशालाही धरलेली नसते. पहिल्या प्रकारचा आलेख देणाऱ्या इंटेल पीसींत मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

शक्य असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढूनच हे काम करा, कारण मागची बाजू दिसायला हवी. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला मोठी खिडकी असेल तर तेवढ्याने भागतं.

पिनेच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. ती पिन काढण्यासाठी फिरवायची दिशा आहे. बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला अडेपर्यंत फिरवा आणि खुंट्या वर ओढलेल्या आहेत याची खात्री करा. चारही पायांच्या टोकांकडे बघा. एखादं टोक वाकलं असेल तर बोटाने सरळ करा. आता कूलर सरळ वरून खाली आणा, असा धरा की पंख्याची वायर कनेक्टरच्या बाजूला येईल. चारही पाय भोकांत उतरल्याशिवाय काहीही दाबू नका.

मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना दोन अंगठ्यांनी एकाच वेळी दाबा. ‘कट्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. नंतर उरलेल्या दोन. शेजारच्या दोन पिना आधी दाबल्या तर कूलर तिरका होतो आणि पलीकडचे पाय भोकातून वर उचलले जातात. बोर्ड किंचित वाकलेला दिसेल, ते अपेक्षित आहे.

आता बोर्ड उलटा करा. चारही भोकांतून दुभंगलेल्या पायाच्या दोन्ही पाकळ्या पूर्ण बाहेर आलेल्या, फाकलेल्या, आणि त्यांच्यामध्ये खुंटीचं टोक दिसायला हवं. एका जरी भोकात पाकळ्या जवळ मिटलेल्या असतील तर ती पिन बसलेली नाही. कूलर धरून हलकेच हलवा. जराही डुगडुगला तर पुन्हा काढा, पेस्ट पुसा, नव्याने लावा. एकदा टेकून उचललेल्या पेस्टवर परत कूलर ठेवला की हवेचे कप्पे राहतात.

जुना कूलर नव्या बोर्डवर लावणाऱ्यांनी एक माप लक्षात ठेवावं. एलजीए ११५x आणि १२०० ची भोकं ७५ मिलिमीटरवर आहेत, तर १७०० आणि १८५१ ची ७८वर. शिवाय १७०० चा प्रोसेसर बोर्डपासून किंचित बुटका आहे. जुना कूलर ओढूनताणून बसवला तर दाब कमीच पडतो. त्या सॉकेटसाठीचा ब्रॅकेट कूलरच्या कंपनीकडून मागवा.

रायझन आणि टॉवर कूलर

रायझन ५ ५६०० बरोबर येणारा रेथ स्टेल्थ चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंनी बसतो. त्यासाठी बोर्डवरचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट आधी काढावे लागतात, आणि ते निघाले की एएम४ बोर्डची मागची प्लेट सुटून खाली पडते. एका हाताने ती मागून धरून ठेवा. चारही स्क्रू आधी फक्त दोन-दोन आटे पकडू द्या, मग कर्णरेषेत एक-एक फेरी देत घट्ट करा. स्क्रू आपोआप थांबतो, तिथे थांबा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर समोरच्या स्क्रूला आटा सापडत नाही, आणि लोक तो तिरकाच आवळतात.

एएम५मध्ये मागची प्लेट सॉकेटलाच पक्की असते. एएम४चे बहुतेक कूलर एएम५वर बसतात, पण स्वतःची वेगळी मागची प्लेट लागणारे बसत नाहीत.

टॉवर कूलर घेण्याआधी उंची मोजा. डीपकूल एके४०० आणि थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हे १५५ मिलिमीटरचे आहेत, नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५चा. कॅबिनेटच्या माहितीत किती उंचीचा कूलर मावतो ते दिलेलं असतं. रॅमवर उंच आरजीबी पट्ट्या असतील तर पुढचा पंखा त्यांना अडतो. तो थोडा वर सरकवला तर चालतो.

पहिली चाचणी आणि त्यानंतरही तापला तर

पॅनल न लावता पीसी सुरू करा. पंखा फिरतोय ना ते डोळ्यांनी बघा, वायर पात्यांत येत नाही ना तेही. मग तीच दहा मिनिटांची सिनेबेंच. आधीचा आणि आताचा आलेख शेजारी ठेवा. चढण संथ झाली असेल आणि हीटसिंक आता हाताला गरम लागत असेल, तर उष्णतेला वाट मिळाली. ३० अंशांच्या खोलीत ५६०० पेटीतल्या कूलरवर ८०च्या घरात राहिला तर मी त्याला हात लावणार नाही.

जोड पक्का आहे, हवा मोकळी आहे, तरी आकडा मर्यादेला टेकतोय, तर बायोसमध्ये जा. बरेच मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच प्रोसेसरच्या विजेवरची मर्यादा उठवून ठेवतात. कोअर आय५ १२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे जादा वेगाने चालतानाची, ११७ वॅट आहे, तर कोअर आय९ १३९००के टर्बोमध्ये २५३ वॅटपर्यंत जातो. पीएल१ (मूळ मर्यादा) आणि पीएल२ (टर्बोची मर्यादा) या नावांनी असलेल्या जागी इंटेलने दिलेले आकडे स्वतः भरा. रायझनमध्ये पीबीओ (जादा वीज देऊन वेग वाढवणारी सोय) बंद करा, किंवा ७६००एक्स-७७००एक्स असेल तर ६५ वॅटचा इको मोड लावून बघा. गेममध्ये फरक क्वचितच जाणवतो, तापमान मात्र ठळकपणे उतरतं.

लिक्विड कूलर असेल तर आलेख थोडा निराळा येतो. पंप बंद पडला की काहीही चालू नसतानाही तापमान एकदोन मिनिटांत मर्यादेकडे सरकतं, आणि दोन नळ्यांपैकी एक गरम, एक गार लागते. पंपाची वायर पूर्ण वेगावर ठेवलेल्या कनेक्टरवर हवी, आणि पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खाली हवा, म्हणजे आतली हवा पंपात न येता वर रेडिएटरमध्ये साठते. पंप गेला असेल तर तो दुरुस्त करत बसू नका, वॉरंटीत बदलून घ्या.

सगळं मनासारखं झालं की तारीख, खोलीचं तापमान आणि चाचणीतलं कमाल तापमान कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी फरक वाढला तर धूळ की पेस्ट हे ठरवायला तोच कागद उपयोगी पडेल. आणि पीसी बसने किंवा कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवायचा असेल, तर टॉवर कूलर आधी काढून वेगळा बांधा. एनएच-डी१५ पंख्यांसह सव्वा किलोहून जड आहे, आणि एवढं वजन उभ्या बोर्डवर लटकत असताना बसलेला एक धक्का बोर्डला तडा द्यायला पुरतो. काढणं जमणारच नसेल तर कॅबिनेट आडवं ठेवूनच न्या, बोर्ड तळाशी आणि कूलर वर येईल असं.